गावभागातल्या दोनशे बारा कॅसेट : घरच्या फाईल सर्व्हरचा एक प्रकरण अभ्यास

२०२३ च्या दिवाळीत, लक्ष्मीपूजनाच्या दुपारी मामांचा फोन आला. "अगं, ती बाहेरची डिस्क लावली की आतून टक् टक् वाजतंय आणि कम्प्युटरवर काहीच दिसत नाही." त्या डिस्कवर आमच्या आजीचा आवाज होता.

मामा सांगलीच्या गावभागात राहतात. मराठीचे निवृत्त शिक्षक. चाळीसेक वर्षं त्यांनी कॅसेट जमवल्या. नरसोबाच्या वाडीची आणि औदुंबरची कीर्तनं, शाळेतल्या स्नेहसंमेलनातली भाषणं, घरातली लग्नं-मुंजी, आणि १९८४ साली जात्याशेजारी टेपरेकॉर्डर ठेवून घेतलेल्या आजीच्या चौतीस ओव्या. हेमा राईरकर आणि गी प्वातवाँ यांनी खेडोपाडी फिरून जात्यावरच्या लाखाहून जास्त ओव्या गोळा केल्या, पण आमच्या आजीपर्यंत कुणी पोचलं नव्हतं. तिच्या ओव्या त्या एकाच कॅसेटवर होत्या.

२०११ ते २०१८ या काळात मामांनी एकेक कॅसेट वाजवून कम्प्युटरवर उतरवली. दोनशे बारा कॅसेट, दोन्ही बाजू. ऑगस्ट २०१९ च्या महापुरात कृष्णा आयर्विन पुलाशी ५७ फुटांच्या वर गेली, धोक्याची पातळी तिथे ४५ फूट आहे. घराच्या खालच्या मजल्यावरच्या कपाटाचा तळचा कप्पा पाण्यात गेला आणि एकवीस कॅसेट चिखलात संपल्या. म्हणजे त्या एकवीस कॅसेटपुरतं आता फाईल हेच मूळ आहे. हे लक्षात आलं त्या दिवसापासून मला स्वस्थ बसवलं नाही.

मी पुण्यात अक्षरजुळणीचं काम करते. लिनक्स (विंडोजच्या जागी चालणारी दुसरी प्रणाली), नेटवर्क यांतलं मला काही येत नव्हतं. तरी मामांच्या घरात एक फाईल सर्व्हर उभा करायचा, म्हणजे सगळ्या फायली एका जागी राहतील, घरातल्या कुठल्याही लॅपटॉपवरून उघडतील आणि त्यांच्या प्रती आपोआप निघतील, असं ठरवलं. ज्या लिनक्सची मला धास्ती होती त्यावर एक दुपार गेली. वायर, वीज, फायलींची नावं आणि डिलीटचं बटण यांनी चार महिने घेतले. म्हणून त्या चार महिन्यांबद्दल जास्त लिहिते आहे.

काय जपायचं होतं

खरेदीच्या आधी मामा आणि मी वही घेऊन बसलो आणि दोन रकाने केले : पुन्हा मिळेल, पुन्हा मिळणार नाही. डाऊनलोड केलेले सिनेमे, पीडीएफ पुस्तकं, जुन्या सॉफ्टवेअरच्या फायली पहिल्यात. आवाज, फोटो आणि मामांनी स्कॅन केलेल्या पोथ्या दुसऱ्यात. दुसऱ्या रकान्याची बेरीज साधारण ६०० जीबी झाली. त्यातला आवाजाचा वाटा १६० जीबी. कॉम्प्रेस न करता साठवलेला सीडीच्या दर्जाचा आवाज मिनिटाला सुमारे साडेदहा एमबी घेतो, त्यामुळे साठ मिनिटांची एक कॅसेट ६३५ एमबीची होते. बाकी बहुतेक जागा फोटोंनी आणि मोबाईलवरच्या व्हिडिओंनी घेतली होती. गूगल फोटोजची अमर्याद फुकट साठवण १ जून २०२१ पासून बंद झाली, तेव्हापासून घरातले सगळे जण "फोनची जागा भरली" म्हणत होते. तीही गरज यात बसवायची होती.

हा आकडा हातात आला आणि पुढची निम्मी चर्चा संपली. चार डिस्कांची पेटी, सोळा टीबी वगैरे गोष्टी आपोआप गळून पडल्या. नवख्या माणसाने डिस्क बघायच्या आधी ही बेरीज करावी असं मी आता कुणालाही आग्रहाने सांगते.

पर्याय तीन होते. दोन डिस्कांची तयार पेटी विकत घेणं सगळ्यात सोपं, पण डिस्का सोडून नुसत्या पेटीचाच खर्च मोठा. रास्पबेरी पाय या तळहाताएवढ्या कम्प्युटरला वीज कमी लागते, पण डिस्का बाहेरून यूएसबीने लटकवाव्या लागतात आणि मामांच्या टेबलावर तसं काही टिकणार नाही हे मला माहीत होतं. तिसरा पर्याय घरातच धूळ खात होता : २०१४ चा डेस्कटॉप, चौथ्या पिढीचा आय-थ्री, ८ जीबी रॅम. फाईल सर्व्हरला एवढं पुष्कळ होतं. त्यात कम्प्युटर चालवणाऱ्या प्रणालीसाठी एक छोटी एसएसडी आणि माहितीसाठी चार-चार टीबीच्या दोन डिस्का घातल्या. वायरी, छोटा यूपीएस धरून पंचवीस हजारांच्या आसपास खर्च आला. चार टीबीची डिस्क लावल्यावर कम्प्युटर ३.६३ दाखवतो. मामांना वाटलं फसवलं. कंपनी टीबी म्हणजे एकावर बारा शून्यं मोजते आणि कम्प्युटर १०२४ च्या पटीत मोजतो, एवढाच तो फरक.

डेस्कटॉपमधली जुनी एक टीबीची डिस्क काढून ठेवली. त्या आतल्या डिस्कवर सगळा ऐवज सुखरूप होता. टक् टक् करणारी बाहेरची डिस्क त्याचीच प्रत होती, तिच्यातून काहीच निघालं नाही. जुनी डिस्क निदान दोन महिने पुसायची नाही, हे वहीत लाल शाईने लिहिलं. त्या ओळीने पुढे आम्हाला वाचवलं.

एक दुपार

प्रणाली म्हणून ओपनमीडियाव्हॉल्ट निवडली. ती डेबियन लिनक्सवर बसलेली आहे आणि एकदा बसवली की मॉनिटर-कीबोर्ड काढून ठेवता येतात, पुढचं सगळं दुसऱ्या कम्प्युटरच्या ब्राउझरमधून चालतं. ट्रूनॅस ही तशीच दुसरी प्रणालीही पाहिली होती. तिची झेडएफएस ही साठवणपद्धत फार चांगली आहे, पण ८ जीबी रॅम ही तिची किमान अट. आमच्याकडे नेमकी तेवढीच होती, आणि मला पहिल्यांदाच करताना काठावर चालायचं नव्हतं.

बसवताना एकच काळजी घेतली : दोन्ही मोठ्या डिस्कांच्या वायरी काढून ठेवल्या आणि फक्त एसएसडी जोडलेली ठेवली. बसवणारा प्रोग्रॅम निवडलेली डिस्क पूर्ण पुसतो, आणि नवख्याच्या हातून चुकीची डिस्क निवडली जाणं ही सगळ्यात सोपी चूक आहे. बसवून झाल्यावर आधी मूळचा पासवर्ड बदलला. मग राउटरमध्ये जाऊन सर्व्हरला १९२.१६८.१.५० हा पत्ता कायमचा राखून ठेवला, नाहीतर लाईट गेली-आली की पत्ता बदलतो आणि घरातले "सर्व्हर बंद पडला" म्हणतात. दोन्ही नव्या डिस्कांची लांब तपासणी लावली, तिला प्रत्येकी आठेक तास लागले.

विंडोज आणि लिनक्स यांच्यात फायलींची देवाणघेवाण करतो तो सांबा. मामांना हे नाव फार आवडलं. "सांब सदाशिव का?" म्हणाले. तसं नाही. ऑस्ट्रेलियात अँड्र्यू ट्रिजेल यांनी १९९२ च्या सुमारास हे काम सुरू केलं. विंडोजच्या भाषेचं नाव एस, एम, बी, म्हणून ही तीन अक्षरं क्रमाने येणारा शब्द त्यांनी शब्दकोशात शोधला आणि सांबा सापडला. मामा मात्र अजून सदाशिवच म्हणतात.

इथे एका सल्ल्यापासून सावध करायचं आहे. लॅपटॉपवर सर्व्हर दिसला नाही की जुन्या जाणत्यांकडून हमखास ऐकू येतं, "एसएमबीची पहिली आवृत्ती चालू कर." करू नका. मे २०१७ मध्ये वॉनाक्राय या खंडणीखोर विषाणूने जगभर जो धुमाकूळ घातला तो याच जुन्या आवृत्तीतल्या भगदाडातून, आणि त्याच वर्षीच्या अखेरीपासून विंडोज १० च्या नव्या बसवणीत ती बंद येते. आमच्या लॅपटॉपवर सर्व्हर दिसत नव्हता त्याचं कारण साधं होतं : मी बिनपासवर्डचा फोल्डर ठेवला होता आणि नवं विंडोज तसा पाहुणा आत घेत नाही. प्रत्येकाला खातं आणि पासवर्ड दिल्यावर दार उघडलं. एकाच लॅपटॉपवरून एकाच सर्व्हरला एकाच वेळी दोन वेगळ्या खात्यांनी जोडता येत नाही, हेही तेव्हाच कळलं. मामींच्या नावाने जोडलेलं आधी तोडावं लागतं, मग मामांच्या नावाने जोडता येतं.

चार तारांची वायर

जुनी डिस्क मामांच्या लॅपटॉपला लावून सर्व्हरवर कॉपी सुरू केली. पुराची आठवण ताजी असल्यामुळे सर्व्हर वरच्या मजल्यावर ठेवला होता आणि राउटर खाली, मधे भिंतीवरून गेलेली जुनी वायर. वेग सेकंदाला ११ एमबीवर अडकला. ६०० जीबीला पंधरा तास. राउटर गिगाबिट (सेकंदाला हजार मेगाबिट), डेस्कटॉपचं पोर्ट गिगाबिट, म्हणजे ११० च्या आसपास यायला हवं होतं. दीड तासाचं काम.

अकरा हा आकडा ओळखीचा करून घ्यावा. आठ बिटांचा एक बाइट, म्हणून शंभर मेगाबिटच्या जोडणीला आठाने भागलं की साडेबारा एमबी येतात, त्यातले अकरा-साडेअकरा हाती लागतात. म्हणजे कुठेतरी जोडणी गिगाबिटवरून शंभरावर उतरली होती. मी सर्व्हरच्या सेटिंगमध्ये दोन संध्याकाळी घालवल्या. शेवटी वायरीचं टोक खिडकीपाशी नेऊन उजेडात धरलं. पारदर्शक प्लगमध्ये आठ पितळी पट्ट्या होत्या आणि आत तारा चारच : पांढरी-नारिंगी, नारिंगी, पांढरी-हिरवी, हिरवी. निळी आणि तपकिरी जोडी प्लगच्या बाहेरच कापून टाकलेली. शंभर मेगाबिटला दोन जोड्या पुरतात, गिगाबिटला चारही लागतात. पूर्वी ज्याने इंटरनेट जोडलं त्याने कामापुरत्या चार तारा बसवल्या होत्या, आणि इंटरनेट त्यावर इतकी वर्षं व्यवस्थित चाललं म्हणून कुणाच्या लक्षात आलं नाही. कोपऱ्यावरच्या दुकानातल्या मुलाने दोन्ही टोकांना नवे प्लग बसवून दिले, वायर तीच. वेग १०८ वर गेला.

पेटीच्या आतही वायरीनेच एकदा दगा दिला. एका डिस्कच्या प्रकृतीच्या नोंदींमध्ये १९९ क्रमांकाचा आकडा रोज वाढत होता. ५, १९७ आणि १९८ हे क्रमांक वाढले तर डिस्कची काळजी करायची, १९९ वाढला तर बहुधा डेटा केबलची. चिमूटभर किमतीची केबल बदलली, आकडा थांबला. डिस्क परत करायच्या तयारीत होते मी.

एका बाइटने लांब नाव

कॉपी संपली तेव्हा नऊ फायली राहून गेल्या होत्या. विंडोज म्हणे, नाव फार लांब आहे. गंमत म्हणजे इतकी वर्षं त्याच नावांनी त्या फायली विंडोजवरच राहत होत्या. त्यातलं एक नाव असं होतं :

श्रीक्षेत्र नरसोबाची वाडी दत्तजयंती उत्सव १९८६ कीर्तन पूर्वरंग उत्तररंग बाजू अ मूळ कॅसेटवरून

आणि त्यापुढे टिंब व डब्ल्यू, ए, व्ही ही तीन रोमन अक्षरं.

माझा रोजचा धंदा अक्षरांचा, त्यामुळे इथे मला लिनक्सवाल्यांपेक्षा लवकर उलगडा झाला. विंडोजची साठवणपद्धत नाव मोजते अक्षरांत, मर्यादा २५५. लिनक्सची एक्स्ट-फोर ही पद्धत मोजते बाइटमध्ये, मर्यादा तीच २५५. इंग्रजी अक्षर एका बाइटचं, म्हणून इंग्रजीत नाव लिहिणाऱ्याला हा फरक जन्मात कळत नाही. देवनागरीचं प्रत्येक चिन्ह तीन बाइटचं असतं, आणि काना, मात्रा, अनुस्वार, पाय मोडणारं हलंत चिन्ह ही सगळी वेगवेगळी मोजली जातात. 'श्री' हे आपल्या डोळ्यांना एक अक्षर आहे. कम्प्युटरला ते श, हलंत, र आणि दीर्घ वेलांटी, म्हणजे चार चिन्हं, बारा बाइट. वरच्या नावात देवनागरी चिन्हं ८०, त्यांचे २४० बाइट, मोकळ्या जागा बारा, शेवटचे चार. बेरीज २५६. एका बाइटने फाईल दाराबाहेर राहिली. विंडोजच्या मोजणीत हेच नाव फक्त ९६ भरतं.

थोडक्यात, लिनक्स सर्व्हरवर सलग देवनागरी नाव ८५ चिन्हांपलीकडे जात नाही, आणि जोडाक्षरं-मात्रा धरल्या तर डोळ्यांना दिसणारी पन्नासेक अक्षरंच होतात. मराठी नावं ठेवणाऱ्या प्रत्येकाला हे कधी ना कधी भेटणार. मोठी कॉपी झाली की दोन्हीकडच्या फायलींची संख्या ताडून पाहा. आम्ही पाहिली नसती तर ती नऊ कीर्तनं जुन्या डिस्कबरोबर पुसली गेली असती.

नावं लहान करायला मामा तयार नव्हते. "नावातच सगळी माहिती आहे, ती कापू कशी?" त्यांचं बरोबरच होतं. कुठल्या वर्षी, कुठे, पूर्वरंग की उत्तररंग, हे त्यांच्यामागे कुणाला सांगता येणार नाही. शेवटी प्रत्येक कॅसेटला क्रमांक दिला, त्या क्रमांकाचा फोल्डर केला, आत आवाजाच्या दोन फायली आणि एक साधी मजकुराची फाईल ठेवली. त्या मजकुरात मामा हवं तेवढं लिहितात. आता ते नुसती नावं लिहीत नाहीत. कीर्तनकार कुठले, साथीला कोण होतं, पाऊस पडत होता म्हणून मधे आवाज तुटला, असं सगळं लिहितात. दोनशे बारांपैकी एकशे चाळीस झाल्या आहेत.

आरसा

आता मुख्य गोष्ट. दोन सारख्या डिस्का असल्या की सगळे एकच सांगतात : रेड-वन करा, म्हणजे एकीवर लिहिलेलं त्याच क्षणी दुसरीवरही लिहिलं जातं. मीही तेच केलं. मामांनी त्याला 'आरसा' म्हटलं आणि मला वाटलं, झालं आता, दोन प्रती झाल्या.

संक्रांतीच्या आदल्या दिवशी मामी लॅपटॉपवर फोनमधले जुने, दुहेरी झालेले फोटो काढून टाकत होत्या. सर्व्हरवरचा 'जुने २०१७' हा फोल्डर त्यांना असाच दुहेरी वाटला. त्यात मामेबहिणीच्या मुलीच्या बारशाचे सगळे फोटो होते. लॅपटॉपवरची फाईल डिलीट केली की ती कचरापेटीत जाते आणि परत काढता येते. नेटवर्कवरच्या फोल्डरला ती कचरापेटी नसते. विंडोजने कायमचं काढायचं का, असं इंग्रजीत विचारलं, मामींनी रोजच्या सवयीने हो म्हटलं. पुढच्या काही सेकंदांत अठराशे फोटो दोन्ही डिस्कांवरून गेले. आरशासमोरची वस्तू उचलली की आरशातलीही जाते.

मामी दोन दिवस जेवल्या नाहीत नीट. मी त्यांना पुन्हा पुन्हा सांगितलं आणि इथेही लिहिते, ही चूक त्यांची नव्हती. ज्या घरात रोज फोटो आवरले जातात तिथे एका होकारावर कायमचं पुसणारं बटण मी आणून ठेवलं होतं. लाल शाईच्या त्या ओळीमुळे जुनी डिस्क अजून कपाटात होती. ती लावून वीस मिनिटांत बारसं परत आलं.

त्या रात्री मी रेडबद्दल पहिल्यांदा नीट वाचलं. १९८८ साली बर्कलीच्या पॅटरसन, गिब्सन आणि कॅट्झ यांनी ही कल्पना मांडली ती स्वस्तातल्या पुष्कळ डिस्का एकत्र चालवताना एखादी मेली तरी काम चालू राहावं म्हणून. बँकेचा, रुग्णालयाचा सर्व्हर मिनिटभरही थांबून चालत नाही, तिथे ती हवीच. मामांच्या घरचा सर्व्हर दोन दिवस थांबला तर कुणाचं काही अडत नाही. आमचा धोका वेगळा होता : चुकून पुसलं जाणं, विषाणूने फायली कुलूपबंद करणं, पाणी. यांतल्या एकाही गोष्टीवर आरसा कामाचा नाही. घरी दोनच डिस्का असतील तर नवख्याने दुसरी डिस्क आरशाला देऊ नये, जुन्या प्रतींना द्यावी, हे माझं या सगळ्यातून झालेलं पक्कं मत आहे. डिस्क मेली तर एक दिवसाचं काम जाईल, तेवढं जाऊ द्यावं.

फेब्रुवारीत आरसा मोडला. आता पहिली डिस्क रोजच्या वापराची. दुसरी नेटवर्कवर कुणाला दिसतच नाही, तिच्यावर रोज रात्री सव्वानऊला आर-स्नॅपशॉट नावाचा प्रोग्रॅम प्रत काढतो. सात दिवसांच्या सात, चार आठवड्यांच्या चार, सहा महिन्यांच्या सहा. इतक्या प्रती म्हणजे जागा सतरापट लागेल असं वाटतं, पण न बदललेली फाईल तो पुन्हा लिहीत नाही, जुन्याच फाईलला नवं नाव जोडतो. ६०० जीबीच्या सतरा प्रती मिळून ७०० जीबीच्या आतच आहेत. शिवाय सांबाची स्वतःची कचरापेटी चालू केली, सर्व्हरवर पुसलेली फाईल तीस दिवस तिथे थांबते. आणि परवानग्या बदलल्या : कॅसेट आणि पोथ्यांचे फोल्डर सगळ्यांना फक्त वाचायला, लिहायचा अधिकार एकाच वेगळ्या खात्याला, ज्याचा पासवर्ड मामांच्या वहीत आहे. फोटोंसाठी 'आवक' नावाचा मोकळा फोल्डर आहे, त्यात मामी मनसोक्त आवराआवर करतात. महिन्यातून एकदा मामा त्यातले निवडून आत ठेवतात.

शंभर युनिटांची रेघ

वीज दोन प्रकारे आडवी आली. घरी इन्व्हर्टर होता, म्हणून मी निर्धास्त होते. पण लाईट गेली की पंखे-दिवे चालू राहायचे आणि सर्व्हर मात्र बंद पडून पुन्हा सुरू व्हायचा. इन्व्हर्टरच्या मागे एक बटण असतं, इको आणि यूपीएस असे दोन पर्याय. इकोवर असताना बॅटरीवर जायला जो क्षण लागतो तो पंख्याला कळत नाही, कम्प्युटरला कळतो. बटण बदललं आणि मधे छोटा यूपीएस घातला, जो यूएसबीने सर्व्हरला सांगतो की बॅटरी संपत आली, आवर. मग सर्व्हर फायली मिटून स्वतःहून बंद होतो.

दुसरी अडचण बिलाची. प्लगला लावायच्या मीटरवर सर्व्हर ३८ वॉट खात होता. चोवीस तास चालवला तर महिन्याला २७ युनिट. मामांचं घर महिन्याला ७८ च्या आसपास वापरतं, आणि महावितरणच्या घरगुती दरात शंभराच्या वरचं प्रत्येक युनिट चढ्या दराने पडतं. निवृत्तिवेतनावर चालणाऱ्या घरात हे बारकाईने पाहावं लागतं. सर्व्हर सकाळी सातला आपोआप सुरू होऊन रात्री दहाला बंद होईल असं केलं. पंधरा तासांचे १७ युनिट, बेरीज ९५. रात्री अडीचला सर्व्हर कुणाला हवा असतो?

बाहेरून ऐकायचं

मामेबहीण पुण्यात असते, तिला तिथून ओव्या ऐकायच्या होत्या. राउटरमधून वाट उघडायचा प्रयत्न केला तर ती उघडेचना. राउटरला बाहेरून मिळालेला पत्ता १०० ने सुरू होणारा होता, म्हणजे कंपनीने अनेक घरांना एकाच सार्वजनिक पत्त्यामागे बसवलं होतं. आता वाटतं, बरं झालं. जानेवारी २०२२ मध्ये इंटरनेटवर उघड्या ठेवलेल्या क्यूनॅप कंपनीच्या घरगुती पेट्यांवर डेडबोल्ट या विषाणूचा हल्ला झाला आणि लोकांच्या फोटोंसाठी खंडणी मागितली गेली. फाईल सर्व्हरचं दार थेट रस्त्यावर उघडूच नये. टेलस्केल नावाचं सॉफ्टवेअर बसवलं, ते वायरगार्ड या सुरक्षित जोडणीच्या पद्धतीवर चालतं आणि आपल्याच ओळखीच्या यंत्रांमध्ये खासगी बोळ काढून देतं. अर्ध्या तासात झालं.

पुण्याची प्रत

गावभागात राहणाऱ्याला तिसरी प्रत गावाबाहेर का हवी हे समजावून सांगावं लागत नाही. जुलै २०२१ मध्ये पाणी पुन्हा आलंच होतं. दोन टीबीच्या दोन छोट्या डिस्का घेतल्या, एक सांगलीला आणि एक माझ्याकडे पुण्यात. मी येते तेव्हा अदलाबदल होते, साधारण दोन-अडीच महिन्यांनी. या डिस्का मुद्दाम एक्सफॅट पद्धतीच्या ठेवल्या. उद्या मी नसले तरी कुणीही त्या कुठल्याही विंडोज लॅपटॉपला लावून उघडू शकतो, त्यासाठी लिनक्स जाणणारं माणूस शोधावं लागू नये. आवाजाच्या प्रत्येक फाईलचा ठसा, म्हणजे तिच्यातल्या मजकुरावरून काढलेला लांबलचक आकडा, एका यादीत आहे. अदलाबदलीच्या वेळी सगळे ठसे पुन्हा काढून यादीशी ताडते.

त्याखेरीज दर वेळी एक परीक्षा घेतो. मामा वहीतून डोळे मिटून तीन क्रमांक काढतात, मी त्या तीन कॅसेट प्रतीच्या डिस्कवरून लॅपटॉपवर आणते आणि मामा त्या कानाला लावून ऐकतात. गेल्या खेपेला त्यात ओव्यांची बाजू ब आली. जात्याची घरघर सुरू झाली, आजीने पहिला चरण उचलला, आणि मधेच तिने कुणाला तरी "दार लोटून घे गं" म्हटलं. मामींनी विचारलं, ती कुणाला म्हणाली. मामांनी टेप थांबवली, मजकुराची फाईल उघडली आणि माझ्या आईचं नाव लिहिलं.